चीकवाली शेवंताबाई

पिपरटोल्यात कोणाची गाय व्यायली हे गाईच्या मालकाच्या आधी शेवंताबाईला कळायचं, असं लोक म्हणत. अगदीच खोटं नव्हतं ते. वारासिवनीहून कटंगीच्या दिशेनं छोट्या लाइनीची गाडी सुटली की दहा-बारा मिनिटांत डाव्या हाताला हा टोला, म्हणजे छोटी वस्ती, लागतो. चाळीसेक घरं, घरटी एक-दोन जनावरं, आणि त्या सगळ्यांच्या पोटाकडं, कासेकडं, चालण्याकडं शेवंताबाईचं बारीक लक्ष. बाकीच्या बायका विहिरीवर कोणाच्या सुनेला कितवा महिना ते बोटांवर मोजायच्या, ही गाईंचे मोजायची.

त्याचं कारण होतं. टोल्यातला सगळा चीक तिच्याच चुलीवर यायचा. गाय व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा जे पिवळं, दाट, बोटाला चिकटणारं दूध निघतं, तो चीक. तो लोट्यात काढायचा, वर फडकं बांधायचं आणि शेवंताबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा, हा टोल्याचा रिवाज. गूळ-वेलची घालून वाफेवर ती असा खरवस लावायची की ताट उभं धरलं तरी वडी जागची हलत नसे. मग घराघरांत द्रोण जायचे. ज्याच्याकडं द्रोण पोचला नाही त्याचं तोंड पुढच्या पोळ्यापर्यंत वाकडं. तिचा नवरा भोजराज यानं भावकीतल्या एका सोयरिकीच्या बैठकीत अकरा वड्या खाल्ल्या आणि बाराव्या वडीसाठी मुलीकडच्यांची एक अट मान्य करून टाकली, असं सांगतात. भोजराज नाही म्हणतो. पण कोणती अट, असं विचारलं की नेमकं त्याच वेळी त्याला कमी ऐकू येतं.

आणि वासरू? वासराला चीक द्यायचा नाही, हाही रिवाजच. गाईची जार, म्हणजे वार, पडेपर्यंत त्याला कासेला लावायचं नाही, लावलं तर जार वर चढते. शिवाय चीक पडला जड. वासराला बाधतो, हगवण लागते. तेव्हा वासराच्या पोटाची काळजी वाहत वाहत सगळा टोला वासराचा चीक खाऊन टाकायचा, आणि ढेकर देऊन पुन्हा वर म्हणायचा, बिचारं वाचलं!

फक्त ते वाचत नसे. निदान शेवंताबाईच्या गोठ्यात तरी नाही. तिच्या कबरी गाईची तीन वासरं लागोपाठ गेली. सात-आठ दिवस उड्या मारायची, मग एका सकाळी पांढरट-पिवळी, पाण्यासारखी हगवण. डोळे खोल जायचे, कान पडायचे, दोन दिवसांत आटोपायचं. तिनं नजर उतरवली, दाव्याची जागा बदलली, दाराला बिब्बे टांगले. तिसरं गेलं तेव्हा कुंपणापलीकडची विमलाबाई भेटायला आली. विमलाबाई म्हणजे अशी बाई, की सांत्वनाला आली तरी माणसानं जरा सावरून बसावं. पदरानं डोळे पुसले, सुस्कारा टाकला आणि जाता जाता म्हणाली, "जाऊ दे वो शेवंता. वासरू गेलं, पण या बारीचा खरवस मात्र मस्त झालता."

ती गेली, पण ते वाक्य शेवंताबाईच्या छातीत काट्यासारखं बसलं ते बसलंच. सगळ्या टोल्याच्या जिभेवर आपला खरवस, आणि आपल्याच खुंट्याला दावं रिकामं.

त्याच सुमारास तेजराम बालाघाटला सहा महिने शिकून गोसेवक होऊन आला. चाळिशी ओलांडलेला माणूस, आधी ट्रॅक्टर चालवायचा. आता खांद्याला औषधांची झोळी आणि बुडाखाली एक खोकणारी मोपेड. लोक त्याला तोंडावर डॉक्टर म्हणत आणि मागं डायवर. तो शेवंताबाईच्या ओट्यावर चहा घेत बसला होता.

"काकी, तुमी वासराले चीक पाजता का?"

"पाजीन कशी? हगवण नाही का लागत त्यानं?"

"आन् न पाजता लागली नाही?"

शेवंताबाईची नजर रिकाम्या दाव्याकडं गेली.

"हे पाहा," तेजराम म्हणाला, "माणसाचं लेकरू मायच्या पोटातूनच थोडंबहुत बळ घेऊन येते. वासरू कोरंच येते. गाईनं या गोठ्यात जे जे रोग भोगले, त्याईच्या संग लढाचं बळ तिनं चिकात भरून ठेवलं असते. आन् वासराच्या आतड्याचं दार एकच दिवस उघडं राह्यते. पहिले पाच-सहा घंटे सताड, मंग हळूहळू लागत जाते. दुसऱ्या दिवशी तुमी घागरभर पाजा, रक्तात थेंब उतरत नाही."

"आन् ही हगवण?"

"हिचा विषाणू राह्यते. डोळ्याले दिसत नाही आन् माह्या झोळीतल्या एकाही सुईनं मरत नाही. त्याले अडवाले चीकच पाह्यजे. तो तं तुमी आमाले खाऊ घालता." आणि खरं तर त्यानंही आजवर कमी खाल्ला नव्हता, म्हणून त्यानं लगेच चहाचा कप तोंडाला लावला.

चौथ्या खेपेला कबरी व्यायली तेव्हा शेवंताबाईनं जारेची वाट पाहिली नाही. वासरू पायांवर धड उभं राहायच्या आत त्याला उचलून धरून त्याच्या तोंडात सड दिला. विमलाबाई कुंपणावरून ओरडली, "मारतेस वो त्याले!" शेवंताबाईनं सड सोडला नाही. वासरू तासाभरात पोट टम्म करून झोपलं. आणि जार वर चढायची कुठली, नेहमीपेक्षा लवकर पडली. पंधरा दिवस गेले, महिना गेला, वासरू जगलं.

तिथून पुढं ही बाई काही राहिली नाही ताळ्यावर. अर्ध्यावर थांबणं तिला ठाऊकच नव्हतं. आधी खरवसासाठी जशी लोकांच्या मागं लागायची, तशी आता खरवसाच्या मागं लागली. कोणाचीही गाय व्यायली की ही बादली घेऊन हजर. आधी वासराच्या पोटात दोन लिटर, मग दुसरं बोलणं. म्हाताऱ्या, याच मातीत पाच-सहा वेतं झालेल्या गाईंना वासराला पुरून उरेल एवढा चीक असतो. तो उरलेला ती प्लॅस्टिकच्या बरण्यांत भरून चिंतामण गुरुजींच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या खणात ठेवायला लागली. टोल्यातला तो एकमेव फ्रिज. गुरुजी बालाघाटच्या नोकरदार घराण्यातले, बदलीवर आले आणि इथंच रमले. त्यांच्या उमाताई शुद्ध बोलायच्या, फ्रिजला विणलेलं झाकण घालायच्या. ज्या गाईला चीकच नाही, तिच्या वासरासाठी ही शिल्लक, असा शेवंताबाईचा बेत. दोन वासरांना तो उपयोगीही पडला.

टोल्याला मात्र खरवस मिळायचा तो तिसऱ्या दिवसाच्या दुधाचा, आणि तो काही केल्या लागायचा नाही. भोजराज वाटीत बोट बुडवून म्हणायचा, "वाटीनं प्याचा खरवस! म्हंजे खरवस हाय का कढी?" लोक चिडले. चिडलेल्या लोकांना गोष्ट रचायला कितीसा वेळ लागतो? शेवंताबाई चीक वारासिवनीच्या मिठाईवाल्याला विकते, अशी बोंब उठली. कुठून उठली हे सांगायची गरज नाही. कुंपणापलीकडून.

"फ्रिजात जाताना सारे पाह्यते," विमलाबाई विहिरीवर म्हणायची, "निंघताना पाह्यला का कोणी?"

शेवंताबाई ऐकायची आणि बादली जोरात आपटायची. तिला वाईट वाटायचं ते चोर म्हटल्याचं नाही. विकायचंच असतं तर तिनं खरवस विकला असता, आणि अख्ख्या तहसिलीनं रांग लावली असती, एवढंही या लोकांना कळू नये!

मग आला दोन हजार दोनचा जानेवारी. विमलाबाईनं गोंदियाकडून एक पहिलारू संकरित गाय आणली, दिवस भरत आलेली. उंच, काळी-पांढरी, घुंगरांची. आणून चार दिवस झाले नाहीत तर तिच्या सडांतून आपोआप दूध गळायला लागलं. विमलाबाईचा आनंद मावेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायची, "व्याली नाही अजून, आन् पाहा, नळ चालू!"

शेवंताबाई कुंपणाशी गेली. "विमला, थे दूध नोहे. तिचा चीक चालला वो वाहून. वासराच्या वाट्याचं काय उरन?"

"जळू नको वो शेवंता. तुही कबरी लोटाभर देते, म्हून का माही गळूच नये?"

शेवंताबाई परत फिरली. पण संध्याकाळी, खोटं कशाला, तिनं गुरुजींच्या फ्रिजातल्या बरण्या मनातल्या मनात मोजून घेतल्या. तीन.

संक्रांतीला चार दिवस असताना, सकाळी सातला, ती काळी-पांढरी व्यायली. कालवड झाली, हरणासारखी, कपाळावर पांढरा ठिपका. विमलाबाई पिळायला बसली आणि तिच्या हातात पाणी आलं. पिवळेपणा नाही, चिकटपणा नाही, नुसतं पांढरं पाणी. तेजराम आला, दोन बोटांत धरून पाहिलं आणि मान हलवली.

"काकी, चीक संपला. आन् असता तरी गाय परमुलखातली, आठ-दहा दिवसांत इथल्या रोगाचं बळ कसं येईन तिच्यात? या टोल्याची हगवण लागली तं ही कालवड टिकाची नाही. दुपारच्या आत दुसऱ्या गाईचा चीक पोटात गेला पाह्यजे."

विमलाबाई कुंपणाशी आली. तोंड उघडायला तिला एवढा वेळ लागला की मधल्या वेळात शेवंताबाईची भाकरी भाजून झाली.

"शेवंता... थे तुह्या बरण्या..."

इथं दुसरी कोणी असती तर तिनं दोन वर्षांचं उट्टं काढलं असतं. शेवंताबाईच्या जिभेवर चार वाक्यं तयारही होती, चांगली परतून-बिरतून. पण कालवडीनं बारीक 'म्यां' केलं आणि ती वाक्यं गेली विरघळून.

"हायत तीन. चाल," ती म्हणाली. मात्र अशा आवाजात म्हणाली की पलीकडच्या ओळीतल्या घरांनाही कळावं. "चिंता करू नको विमला! शेवंताबाईनं सांगतलं हाय म्हंजे हाय!"

दोघी पुढं, तेजराम मागं, त्याच्या मागं रिकामटेकडं अर्धा टोला, अशी वरात गुरुजींच्या दारात गेली. गुरुजी शाळेत होते. ओसरीवर पाटावर उमाताईंचे जावई, चिन्मयराव, बसलेले. मुलगी देवश्री हिची लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणून जोडी आदल्या दिवशीच बालाघाटहून आली होती. जिल्हा कचेरीतला बाबू, गोरा, लाजरा माणूस. त्यांच्या पुढ्यात चांदीची ताटली, ताटलीत केशर लावलेली, चौकोनी, थरथरणारी वडी. हातातली वडी तोंडापाशी गेलेली.

शेवंताबाईनं आयुष्यभर तो थरथराट पाहिला होता. दहा हातांवरून तिनं ओळखलं.

"उमाताई," तिनं विचारलं, "हा खरवस कशाचा?"

"अहो, तुमच्याच बरण्यांचा!" उमाताई कौतुकानं म्हणाल्या. "दोन दिवस लाइटचा पत्ता नाही. सगळं पाणी व्हायला लागलं होतं. म्हटलं, एवढा चीक वाया जायचा! आणि जावई पहिल्यांदाच सणाला आले. चांगला लागलाय की नाही? तुमच्याइतका नसेल, पण..."

"तिन्ही?"

"एक ताट शेजारी दिलं, एक..." उमाताईंनी जावयाकडं पाहिलं. चिन्मयरावांनी वडी हळूच ताटलीत ठेवली. पण कोपरा खाल्लेला होता, तो कसा लपणार?

"मला वाटलं घरचंच आहे," ते पुटपुटले. "परत... परत काही करता येत नाही का याचं?"

"शिजलेलं बळ कसं उठवू, जवाईबापू?" तेजराम म्हणाला. "शिजलं की संपलं. आता तुमीच खा, तुमाले तरी हगवण लागाची नाही."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. विमलाबाई हसली नाही. तिनं शेवंताबाईकडं पाहिलं. त्या नजरेत 'विकला' नव्हतं, दोन वर्षांत पहिल्यांदाच नव्हतं. पण जे होतं ते त्याहून वाईट होतं.

"मी तुह्या भरवशावर बसली वो शेवंता," ती एवढंच म्हणाली.

शेवंताबाईच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सगळ्या टोल्यासमोर दिलेला शब्द, आणि तिकडं खुंट्याला कपाळावर ठिपका असलेलं ते पोर! तिनं घड्याळाकडं पाहिलं. उमाताईंच्या भिंतीवर नऊला दहा कमी.

"तेजराम! या दोन दिवसांत आणखी कोणाची व्याली? सांग झटकन!"

"पलीकडच्या टोल्यातल्या प्रेमलाल दूधवाल्याची. आजच. पाच वाजता." तेजराम कपाळाला हात लावून म्हणाला. "म्हातारी गाय, सहावं वेत, चीक निरा शिऱ्यासारखा. पण काकी, थो तं गाडीनं बालाघाटले घेऊन चालला. मिठाईवाल्याची लग्नाची ऑर्डर हाय."

"कोणत्या गाडीनं?"

"हीच. साडेनऊले वारासिवनीहून सुटते."

"मंग उभा काय राह्यला? मोपेड काढ!"

अठ्ठावन्न वर्षांच्या शेवंताबाईनं नऊवारीचा ओचा खोचला, एका हातात रिकामी बादली, दुसऱ्यानं तेजरामची झोळी पकडली आणि मागच्या लोखंडी कॅरिअरवर बसली. उमाताईंनी पदराला हात पुसत पुसत "सावकाश!" म्हटलं. ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मोपेड खोकली, उसळली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली.

रस्ता म्हणजे भाताच्या बांध्यांमधून गेलेली गिट्टी. बादली खडखडत होती, शेवंताबाई दर खड्ड्याला "माय वो!" म्हणत होती आणि लगेच पुढं "पळव गा!" म्हणत होती. डाव्या अंगाला रुळांवरून छोटी गाडी दिसली, त्याच दिशेनं निघालेली, खिडक्यांच्या गजांना दुधाचे डबे लटकलेले, उन्हात लकाकणारे.

"थो पाहा! थोच डबा असन!"

"काकी, हलू नका! दोघंही नाल्यात जाऊ!"

मैलभर मोपेड आणि गाडी जोडीनं धावल्या. गाडीतली माणसं खिडकीतून हात करू लागली. त्यांना वाटलं, कोणी म्हातारी गंमत म्हणून शर्यत लावतेय. मग गाडी वळणामागं गेली, आणि वारासिवनीच्या स्टेशनात हे दोघं पोचले तेव्हा ती समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबली होती.

शेवंताबाई खिडक्या-खिडक्यांतून ओरडत निघाली, "प्रेमलाल! प्रेमलाल दूधवाला! चीक खाली उतरव!"

एका डब्यातून प्रेमलालची टोपी बाहेर आली. सगळी वर्षं हिंदी गिऱ्हाइकांत गेल्यानं त्याची बोली दोन्हींकडून वाहायची. "काकी? क्या हुआ?"

"विमलाबाईच्या कालवडीले पाह्यजे. आत्ता. दोन लिटर."

"अरे काकी, ये तो शेठजी का माल है! जबान देली हाय मी."

"मीबी देली हाय. साऱ्या टोल्याच्या म्होरं!"

"चोरी का मामला है क्या?" आतून एकानं उत्सुकतेनं विचारलं.

"चोरीच हाय!" शेवंताबाई कडाडली. "वासराच्या तोंडचं काढून वऱ्हाडाले चारून राह्यला हा!"

आता डब्याला विषय मिळाला. बांगड्यांची पेटी घेऊन बसलेली एक जाडजूड बाई म्हणाली, "दे दो ना भैया, शादी में लोग जलेबी खा लेंगे." दुसरा म्हणाला, शब्द म्हणजे शब्द. तिसऱ्यानं विचारलं, आधी पैसे घेतले का? प्रेमलाल चिकाच्या डब्याची कडी घट्ट धरून उभा, कपाळावर घाम.

शेवंताबाई खिडकीशी आली आणि एकदम खालच्या आवाजात बोलली. "तुह्या गाईले काय झालं रे?"

"गोऱ्हा."

"किती पाजला त्याले?"

प्रेमलालनं डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"किती, प्रेमलाल?"

"जार नहीं गिरी थी काकी... म्हटलं संध्याकाळी लावू..."

"पाच वाजता व्याली. आता साडेनऊ." शेवंताबाईनं बोटं मोजली. "मागच्या साली तुहा गोऱ्हा कायनं गेला?"

प्रेमलालनं तेजरामकडं पाहिलं. तेजरामनं मान फिरवली. तो गोऱ्हा त्यानंच पुरला होता. समोरची गाडी धडधडत आली, गार्डानं हिरवी झेंडी उघडली. शिट्टी वाजली, डबे हलले.

"प्रेमलाल!"

गाडी सरकायला लागली. खिडकीला लटकवलेला चिकाचा डबा सुटला आणि आत ओढला गेला; शेवंताबाई रिकामी बादली घेऊन खिडकीबरोबर धावली. पुढच्याच क्षणी दारातून प्रेमलालनं डबा छातीशी कवटाळून उडी टाकली. दोन कोलांट्या व्हायच्या त्या झाल्या नाहीत, कारण तो थेट तेजरामवर जाऊन आदळला. डबा उभाच राहिला. खिडकीतून बांगडीवाली ओरडली, "शाब्बास!" आणि टाळ्या गाडीबरोबर दूर गेल्या.

परतीला एका मोपेडवर तिघं आणि पाच लिटरचा डबा. चढ आला की मोपेड बसायची, मग प्रेमलाल उतरून मागून ढकलायचा आणि पळत पळत पुन्हा चढायचा. शेवंताबाईनं डबा मांडीवर तान्ह्यासारखा धरला होता आणि झाकणावर पदर टाकला होता. "हिंदकळवू नको! धूळ लागन! ढकल गा प्रेमलाल, काही खाल्लं नाही का सकाळी?"

साडेदहाच्या आत ती विमलाबाईच्या गोठ्यात होती. चीक कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवला, चुलीवर नाही. "हाताले सुखावला पाह्यजे, पोळला नाही पाह्यजे," ती सांगत होती, आणि सगळा टोला दारात दाटीनं उभा राहून ऐकत होता. तिनं दोन बोटं चिकात बुडवून कालवडीच्या तोंडात दिली. कालवडीनं तोंड फिरवलं. पुन्हा दिली. पुन्हा फिरवलं.

"चाट वो माय," विमलाबाई मान धरून म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक. "चाट ना."

तिसऱ्यांदा कालवडीनं बोटं ओढली. मग सोडेना. शेवंताबाईनं हात हळूहळू बादलीत खाली नेला आणि चुर्र चुर्र आवाज सुरू झाला. दोन लिटर गेले. कालवडीच्या मिशांना पिवळा फेस. प्रेमलाल पाहत होता, मग एकदम म्हणाला, "तेजराम भैया, चलो. मेरा भी भूखा है," आणि उरलेला डबा घेऊन त्यानं स्वतःच मोपेड हलवली. मिठाईवाल्याचं काय झालं, हे त्यानं कधी सांगितलं नाही. लग्नात गुलाबजाम होते म्हणतात. संध्याकाळी मात्र तो सायकलवर आला, फडकं बांधलेला लोटा घेऊन, दुसऱ्या वेळेसाठी. "पोटभर पिया मेरा गोऱ्हा," म्हणाला, आणि पुढं पाच दिवस न सांगता लोटा आणत राहिला. चीक पातळ होत गेला तरी तेवढे दिवस तो पोटात जात राहिला की आतड्यावरही पहारा राहतो, असं तेजरामचं म्हणणं.

पण खरी परीक्षा बाकी होती, आणि ती कोणाला माहीत नव्हती असं नाही. सातव्या सकाळी विमलाबाईची किंकाळी आली. शेवंताबाई कुंपणाला वळसा न घालता त्यातूनच गेली, लुगडं फाटलं. कालवडीच्या मागं पिवळं, पातळ पडलं होतं.

तेच. अगदी तेच. शेवंताबाईला कबरीची तिन्ही वासरं एकदम आठवली. विमलाबाईनं कालवडीची मान कवटाळली.

"डोळे पाहा," तेजराम धावत आला आणि म्हणाला. "खोल नाही गेले. कान उभे हायत. विषाणू आलाच हाय, पण आत लढाई चालू हाय. मीठ-साखरेचं पाणी द्या, दूध बंद करू नका."

दोन दिवस शेवंताबाईनं घरची चूल सुनेवर टाकली. काडी घेऊन ती गोठ्यात बसून राहायची, कालवड शेपूट उचलेपर्यंत. पहिल्या दिवशी पाणी. दुसऱ्या दिवशी पाणी, पण कमी. कालवड पीत होती, उभी राहत होती, एकदा तर विमलाबाईला ढुशी दिली. भोजराज जेवण घेऊन आला आणि म्हणाला, "लोकं देवाच्या पाया पडाले बसते, माही बायको शेण पाहाले." बायकोनं लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या सकाळी, दहाच्या सुमाराला, कालवडीनं शेपूट उचललं. शेवंताबाई वाकली. काडी टोचली. काडी उभी राहिली.

ती गोठ्याबाहेर आली आणि दोन्ही हात वर करून अशा आवाजात ओरडली की छोट्या गाडीनं शिट्टी वाजवली असती तर ती लाजली असती, "घट्ट! घट्ट हाय वो! शेण घट्ट हाय!"

चाळीस घरांतून माणसं धावली. उमाताई नाकाला पदर लावून आल्या, पण वाकून पाहिलंच. प्रेमलाल दुधाचा लोटा हातात धरूनच उभा. सगळ्यांनी आळीपाळीनं काडी टोचून पाहिली, कोणी "वा!" म्हटलं. कालवड मधोमध, इतकी माणसं आपल्या शेणाभोवती का जमली म्हणून चकित.

विमलाबाई सगळ्यात मागून आली. तिनं पाहिलं, शेवंताबाईच्या हातातली काडी काढून घेतली आणि स्वतः टोचली. मग काडी फेकली, कमरेवर हात ठेवले, आणि कुंपणाच्या या बाजूला, त्या बाजूला, विहिरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "पाह्यलं का साऱ्याईनं? चीक कुठं जाते म्हणून इचारत होते ना? हा पाहा, इथं आला!"

जणू विचारणारी दुसरीच कोणी होती! शेवंताबाई तिच्याकडं पाहतच राहिली, आणि मग दोघींना एवढं हसू आलं की कालवड दचकून आईच्या पोटाखाली शिरली आणि तिथं सापडलेला सड धरून प्यायला लागली.